धूर न मोजता मोजलेला कार्बन

हिवाळ्यातल्या सकाळी कोलाडला राफ्टिंगसाठी आलेली मंडळी कुंडलिकेच्या काठावर पाण्याची वाट बघत थांबलेली असतात. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की नदी भरते; तोवर आभाळाकडे बघण्यापलीकडे काम नसतं. अशा वेळी खूप उंचावरून एखादं विमान जातं आणि त्याच्यामागे पांढरीशुभ्र रेघ उमटत जाते. एखादं पोर हमखास विचारतं, "बाबा, तो विमानाचा धूर ना?" आणि बाबा हो म्हणून मोकळे होतात.

ती रेघ धुराची नसते, बर्फाच्या बारीक कणांची असते. विमानातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड रंगहीन असतो. तो कोलाडहून दिसत नाही आणि खुद्द वैमानिकालाही दिसत नाही. रेघ उमटो न उमटो, तो सुटतच असतो. तरीही विमान कंपन्या दरवर्षी सांगतात, की आमच्या विमानांनी यंदा इतके टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. जो वायू दिसत नाही, जो दहा किलोमीटर उंचीवर सुटतो आणि बघता बघता वाऱ्यात मिसळून जातो, तो मोजला कोणी? वीजकेंद्राच्या धुराड्यात वायू तपासणारी यंत्रं बसवता येतात. विमानाच्या मागे असं कोणतंही यंत्र नसतं.

यात आणखी एक कोडं आहे. विमानाने वाटेत दोन टन इंधन जाळलं, तर कार्बन डायऑक्साइड सहा टनांहून अधिक निघतो. टाकीत जेवढं वजन नव्हतंच, तेवढं बाहेर आलं कुठून? हे दुसरं कोडं आधी सोडवू, कारण पहिल्याची किल्ली त्यातच आहे.

एका टनाचे तीन टन

विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, हे जास्त काळजीपूर्वक शुद्ध केलेलं रॉकेलच असतं. त्याच्या एका किलोत साधारण ८६० ग्रॅम कार्बन आणि उरलेला जवळजवळ सगळा हायड्रोजन. इंधन जळतं तेव्हा कार्बनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरलं, तर ऑक्सिजनच्या एका अणूचं १६. बारा अधिक बत्तीस, चव्वेचाळीस. म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ८६० ग्रॅममधून जवळपास ३.१५ किलो.

वाढीव वजन आलं ते हवेतून. एक किलो इंधन पूर्ण जळायला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो विमान घरून घेऊन निघत नाही, वाटेत हवेतून घेतं. जळल्यावर कार्बन डायऑक्साइडबरोबर सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफही निघते. उंचावर हवा उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असली, की ही वाफ इंजिनातून आलेल्या काजळीच्या कणांवर गोठते. कोलाडच्या आभाळातली ती रेघ म्हणजे हीच गोठलेली वाफ. हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर पसरत जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, हिशेबासाठी हा आकडा ३.१६ असा ठरवून दिला आहे. एक किलो इंधन जळलं, की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. विमान नवं असो की जुनं, एअरबस असो की बोइंग, वैमानिक हलक्या हाताचा असो की घाईचा, या गुणोत्तरात फरक पडत नाही. जेट इंजिन उड्डाणात जवळजवळ सगळं इंधन पूर्णपणे जाळतं, त्यामुळे कार्बनला दुसरीकडे जायला वावच नसतो.

म्हणून धुरामागे धावायचं कारणच उरत नाही. इंधन किती जळलं एवढं नक्की कळलं, की कार्बन आपोआप कळतो. सगळी मेहनत आहे ती जळलेलं इंधन अचूक मोजण्यात.

टाकी फुल ते टाकी फुल

मोटारसायकलचा ॲव्हरेज काढायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा टाकी फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावलं, तेवढं मधल्या प्रवासात जळलं. विमानाचा हिशेब मुळात याच रीतीवर उभा आहे. फरक इतकाच, की विमानाची टाकी सहसा फुल करत नाहीत. इंधनाला वजन असतं आणि ते वजन उचलून नेण्यासाठी आणखी इंधन जळतं. ज्यादा घेतलेल्या वजनाच्या साधारण तीन टक्के इंधन तासाला त्यासाठीच खर्ची पडतं. त्यामुळे प्रवासाला लागेल तेवढं आणि अडीअडचणीसाठी ठेवायचं तेवढंच भरतात, आणि टाकीत आधीचं किती शिल्लक आहे हे दर वेळी वाचावं लागतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मागचं उड्डाण संपवून विमान जागेवर उभं राहिलं तेव्हा टाकीत ३,१०० किलो इंधन शिल्लक होतं. पुढच्या उड्डाणासाठी ५,४०० किलो भरलं. ते उड्डाण संपून चाकांना ठोकळे लागले तेव्हा शिल्लक ४,३०० किलो. तीन हजार शंभर अधिक पाच हजार चारशे, वजा चार हजार तीनशे; खर्च ४,२०० किलो. याला ३.१६ ने गुणलं की १३,२७२ किलो, म्हणजे सव्वातेरा टन कार्बन डायऑक्साइड.

इकाओच्या नियमांत या पद्धतीला 'ब' पद्धत म्हणता येईल. 'अ' पद्धतीत मोजणी ठोकळे लागल्यापासून होत नाही, इंधन भरून झाल्याच्या क्षणापासून पुढच्या वेळी इंधन भरून होईपर्यंत होते. दोन्हींत फरक पडतो तो विमान उभं असतानाच्या खर्चाचा. विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं. मुख्य इंजिनं बंद असताना दिवे आणि वातानुकूलन तेच चालवतं आणि तेही हेच इंधन पितं. 'अ' पद्धतीत पुढच्या उड्डाणाआधीचा हा खर्च मागच्या उड्डाणाच्या नावावर चढतो, 'ब' पद्धतीत पुढच्या. वर्षाच्या बेरजेत ते फारसं जाणवत नाही. मात्र वर्षाच्या मध्येच पद्धत बदलली तर काही खर्च कुठेच न मोजला जाण्याची किंवा दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते, म्हणून कंपनीने पद्धत आधी कळवायची आणि तिलाच चिकटून राहायचं असा दंडक आहे.

लिटर आणि किलो

आता विमानाच्या पंखाखाली जाऊ. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर इंधन जमिनीखालच्या नळांतून येतं. पंखाखाली एक गाडी उभी राहते. तिच्या होजचं एक टोक जमिनीतल्या झडपेला आणि दुसरं पंखाला जोडतात. इंधन भरणारा माणूस आधी नमुना काढून बघतो: स्वच्छ आहे का, तळाला पाणी बसलंय का. पाणी ओळखायला एक छोटी कॅप्सूल असते, पाण्याचा अंश लागला की तिचा रंग बदलतो. मग घनता मोजायची, तापमान टिपायचं आणि भरणं सुरू. शेवटी पावती फाटते, त्यावर सही होते आणि ती कागदपत्रांत जाते. कार्बनच्या सगळ्या हिशेबाचा पहिला पुरावा म्हणजे ही पावती.

गाडीवरचा मीटर लिटर दाखवतो, आणि वैमानिकाला हवे असतात किलो. विमान उचलायचं असतं वजन, आणि इंधनातली ऊर्जाही वजनाशी बांधलेली असते. लिटरचे किलो करायला घनता लागते, आणि घनता ठरलेली नसते. १५ अंश तापमानाला एटीएफची घनता लिटरमागे ७७५ पासून ८४० ग्रॅमपर्यंत कुठेही असू शकते. ते कच्च्या तेलावर आणि रिफायनरीवर अवलंबून. त्यात तापमानाची भर. दहा अंशांनी तापलं तर इंधन साधारण एक टक्का फुगतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी भरलेल्या दहा हजार लिटरमध्ये जानेवारीच्या पहाटे भरलेल्या दहा हजार लिटरपेक्षा शे-दीडशे किलो इंधन कमी असू शकतं. दीडशे किलो म्हणजे पावणेपाचशे किलो कार्बन डायऑक्साइड. सरसकट ०.८ ही घनता धरायची मुभा नियमात आहे, पण प्रत्यक्ष मोजलेली घनता वापरणं केव्हाही चांगलं.

लिटर-किलोच्या या गोंधळाने किती मोठा प्रसंग ओढवू शकतो, ते कॅनडात घडलं आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका नव्या कोऱ्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. म्हणून टाकीतली पातळी मोजपट्टीने बघून हिशेब हाताने केला. त्या विमानाचा हिशेब किलोत होता, पण गुणायला आकडा घेतला तो पौंडांचा. परिणामी हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि ४१,००० फुटांवर एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे प्रवासी वाचले. इंधनाचं वजन नेमकं ठाऊक असणं हा विमानात मुळात जिवाचा प्रश्न आहे. कार्बनच्या मोजणीला त्याच शिस्तीचा आयता आधार मिळाला आहे, आणि म्हणूनच ती इतकी भरवशाची आहे.

इंजिनातला मीटर

पंखातल्या टाकीत तरंगणारा गोळा टाकून भागत नाही. टाकी रुंद आणि उथळ असते आणि विमान सारखं कलतं. म्हणून टाकीत ठिकठिकाणी उभ्या नळ्या बसवलेल्या असतात, एकात एक दोन नळ्या, मध्ये फट. त्या फटीत विद्युतभार साठतो. फटीत हवा असेल तर कमी साठतो, इंधन असेल तर सुमारे दुप्पट. साठ्यावरून कळतं, की त्या जागी इंधन कुठवर आलं आहे. अशा अनेक नळ्यांची वाचनं एकत्र करून संगणक टाकीतलं एकूण वजन काढतो.

ही झाली शिल्लक. खर्च वेगळा मोजला जातो, तो इंजिनाच्या तोंडाशी. इंजिनात शिरणाऱ्या इंधनाच्या नळीत एक मीटर असतो. त्यात इंधनाला आधी गोल फिरवलं जातं. मग ते फिरतं इंधन स्प्रिंगने जोडलेल्या दुसऱ्या चाकाला ढकलतं. इंधनाचं वजन जितकं जास्त, तितकं ते चाक पहिल्यापेक्षा मागे रेंगाळतं, आणि ही रेंगाळ विजेच्या ठोक्यांनी मोजली जाते. या मीटरची मोठी सोय अशी, की तो थेट वजन मोजतो. तिथे लिटर, घनता, तापमान यांची भानगडच नाही.

ही वाचनं इंजिनाचा संगणक सतत घेत असतो आणि विमानातल्या नोंदयंत्रात टिपत जातो. इंजिनाचा वेग, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, उंची, वेग आणि इंधनाचा प्रवाह यांच्या नोंदी साधारण सेकंदा-सेकंदाला होतात. अपघातानंतर शोधला जातो तो ब्लॅक बॉक्स वेगळा. रोजच्या कामासाठी याच माहितीची एक सहज काढता येणारी प्रत असते. सुरक्षेच्या तपासणीसाठी ती आधीपासून वापरली जात होती, आता इंधन वाचवण्यासाठीही वापरतात. सगळ्या सेकंदांची बेरीज केली की उड्डाणात इंजिनांनी प्यायलेलं इंधन मिळतं. ती बेरीज आणि टाकीतल्या शिल्लकीतला फरक जुळायला हवेत. जुळले नाहीत तर मीटर बिघडलाय, काटा चुकतोय किंवा कुठेतरी गळती आहे. मोजण्याच्या दोन स्वतंत्र रीती एकमेकींवर पहारा ठेवतात, ही या व्यवस्थेतली सर्वांत भक्कम गोष्ट.

इंजिनाच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट कळते. इंजिनाची पाती धुळीने आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने हळूहळू माखतात, झिजतात. मग तेवढ्याच जोरासाठी इंधन जास्त लागतं आणि बाहेर पडणारा वायू जास्त तापतो. आठवड्यांमागून आठवडे हे आकडे सरकताना दिसले, की इंजिन पाण्याने धुऊन काढतात. एरवी हा फरक टक्क्याच्या आसपासचा असतो, पण रोज पाच-सहा उड्डाणं करणाऱ्या विमानाच्या बाबतीत वर्षाचा हिशेब मोठा होतो. पुण्याजवळ चाकणला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला. तिथे लीप इंजिनाचेही भाग बनतात. त्याच ताकदीच्या आधीच्या पिढीपेक्षा हे इंजिन सुमारे १५ टक्के कमी इंधन घेतं. कार्बनमध्ये खरी मोठी घट अशा बदलांतून येते.

जमिनीवर जळणारं इंधन

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली, आणि विमानाचा आवाज रायगड जिल्ह्याच्या रोजच्या जगण्यात आला. पनवेल-उरणकडच्या लोकांना दहा किलोमीटर उंचीवरच्या कार्बनपेक्षा धावपट्टीजवळच्या हवेची काळजी जास्त आहे, आणि ती रास्त आहे. त्यासाठी निराळं मोजमाप लागतं.

प्रत्येक नमुन्याचं इंजिन बाजारात येण्याआधी जमिनीवर बांधून चार पातळ्यांवर चालवतात: उड्डाणाचा पूर्ण जोर, चढताना ८५ टक्के, उतरताना ३० टक्के आणि जमिनीवर सरपटताना ७ टक्के. तेव्हा मात्र खरोखर मागून निघणारे वायू तपासतात. या चाचण्यांचे आकडे इकाओच्या जाहीर कोशात कोणालाही बघता येतात. बोइंग ७३७-८०० वर बसणाऱ्या सीएफएम५६ मालिकेतल्या एका इंजिनाचे आकडे घेऊ. उड्डाणाच्या वेळी ते सेकंदाला सुमारे १.२ किलो इंधन पितं, चढताना १ किलो, उतरताना ३४० ग्रॅम आणि सरपटताना ११० ग्रॅमच्या आसपास. पण वेळ बघा. प्रमाणित हिशेबात पूर्ण जोर फक्त ४२ सेकंद, पहिली चढण सव्वादोन मिनिटांहून थोडी कमी, उतरणं ४ मिनिटं आणि सरपटणं, येताना-जाताना मिळून, २६ मिनिटं. गुणाकार केला की एका इंजिनाला उड्डाणासाठी सुमारे ५१ किलो, चढणीला १३२, उतरायला ८१ आणि जमिनीवर सरपटायला तब्बल १७६ किलो इंधन लागतं.

कानठळ्या बसवणाऱ्या उड्डाणापेक्षा तिप्पट इंधन विमान रांगेत रखडताना जळतं. म्हणूनच अनेक कंपन्या उतरल्यावर इंजिन थोडं थंड झालं की एक बंद करून दुसऱ्यावर विमान नेतात. वरच्या आकड्यांनी दहा मिनिटांत ६८ किलो इंधन वाचतं आणि २१४ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

बाकीच्या वायूंना ३.१६ सारखा एकच आकडा नाही. इंजिन पूर्ण जोरात, खूप तापलेलं असताना नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त निघतात. सरपटताना आच मंद असते, इंधन थोडं अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणजे विमानतळाभोवतीच्या हवेचा अंदाज बांधायचा तर इंधन किती जळलं हे पुरत नाही. कोणतं इंजिन, किती जोरावर, किती मिनिटं चाललं, हे सगळं लागतं. विमानतळाने हे मिनिटांचे आकडे आसपासच्या गावांना सहज बघता येतील असे ठेवावेत. ते कोणाचं व्यापारी गुपित नाही.

चौकट: मुंबईवरच्या घिरट्या
फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळावरच्या तासाच्या उड्डाण-उतरण्याची संख्या गर्दीच्या वेळी ४६ वरून ४४ आणि एरवी ४४ वरून ४२ केली. कारण देताना मंत्रालयाने सांगितलं, की उतरायला जागा नसल्याने विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, आणि विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं.
४० मिनिटं: १,३३३ किलो इंधन, म्हणजे सुमारे १,७०० लिटर, कार्बन डायऑक्साइड ४.२ टन.
६० मिनिटं: २,००० किलो इंधन, म्हणजे २,५०० लिटर, कार्बन डायऑक्साइड ६.३ टन.
एवढं जळून विमान गावाच्या दिशेने एक किलोमीटरही पुढे गेलेलं नसतं.

हिशेब कोणाच्या नावावर

मोजणं नीट झालं तरी वाटणी राहतेच. देशांतर्गत उड्डाणाचा कार्बन त्या देशाच्या नावावर लिहिला जातो. मुंबई-गोवा उड्डाण भारताच्या हिशेबात. मुंबई-दुबई कोणाच्या? यावर एकमत होईना, म्हणून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रश्न इकाओकडे गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथे कोर्सिया नावाची योजना ठरली. १ जानेवारी २०१९ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांतून वर्षाला दहा हजार टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कंपन्यांना इंधनाचा हिशेब ठेवून तो आपल्या देशाच्या नियामकाला द्यावा लागतो. आपल्याकडे तो डीजीसीएकडे जातो, आणि त्याआधी स्वतंत्र तपासनीस पावत्या आणि नोंदी पडताळतो. २०१९ च्या ८५ टक्के पातळीवर रेघ आखली आहे. त्या रेघेवर गेलेल्या कार्बनची भरपाई दुसरीकडे कार्बन वाचवणाऱ्या प्रकल्पांची पत विकत घेऊन करायची. भारतीय कंपन्यांना ही भरपाई २०२७ पासून लागू होते.

इंधनाची विक्री बघून कार्बन ठरवावा म्हटलं, तर तिथेही पेच आहे. एटीएफवरचा कर राज्याराज्यांत वेगळा. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. जिथे इंधन स्वस्त, तिथे परतीच्या प्रवासाचंही भरून घ्यायचा मोह कंपन्यांना होतो. पैसे वाचतात, पण ते ज्यादा वजन वाहून नेताना जास्त इंधन जळतं. शिवाय विक्री एका राज्यात दिसते आणि जळण दुसऱ्याच मार्गावर होतं. म्हणून विक्रीचे आकडे पुरत नाहीत, उड्डाणागणिक मोजावं लागतं.

वाटणीचा हाच प्रश्न कोलाड स्थानकातही उभा आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वे इथून ट्रक सपाट वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला नेते, आणि २०२५ च्या गणपतीपासून लोकांच्या मोटारीही नेऊ लागली. एरवी रस्त्याने शंभर लिटर डिझेल जाळलं असतं, तर लिटरमागे सुमारे २.७ किलो या दराने २७० किलो कार्बन डायऑक्साइड ट्रकच्या नावावर पडला असता. या रो-रो गाडीवर ट्रकचं इंजिन बंद असतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्यामुळे गाडी विजेवर धावते, आणि कार्बन निघतो तो कुठल्या तरी औष्णिक केंद्रात, युनिटमागे साधारण ०.७ किलो. तो शून्य नाही, जागा बदलली आहे, आणि एकाच वेळी अनेक ट्रक ओढले जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो.

विमानातली वाटणी प्रवाशांमध्ये करायची तर पोटातल्या मालाचाही वाटा काढावा लागतो. इकाओच्या रीतीत प्रवासी सामानासह १०० किलोचा धरतात आणि त्याच्या खुर्चीसाठी ५० किलो जास्तीचे. समजा मुंबई-गोवा उड्डाणात २,५०० किलो इंधन जळलं आणि माल नगण्य होता. कार्बन डायऑक्साइड ७,९०० किलो. विमानात १७५ माणसं असतील तर माणशी ४५ किलो, १०० असतील तर ७९ किलो. रिकामी खुर्चीही कार्बन खाते, फक्त तो शेजाऱ्याच्या नावावर पडतो.

बाहेरून मोजता येईल का

कंपनीने आकडा दिला नाही तरी अंदाज करता येतो. बहुतेक विमानं आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतात, आणि साध्या ॲन्टेनाने ते संदेश पकडता येतात. विमानाचा प्रकार कळला, की त्याच्या उड्डाणाचं गणित मांडून इंधनाचा अंदाज निघतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठाने असं एक गणिती प्रारूप सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. अडचण एकच, ती म्हणजे विमानाचं वजन संदेशात येत नाही. भरलेलं आणि अर्धं रिकामं विमान बाहेरून सारखंच दिसतं. त्यामुळे एका उड्डाणाचा अंदाज चुकू शकतो, शेकडो उड्डाणांची सरासरी मात्र बऱ्यापैकी जुळते. कंपनीच्या आकड्यावर नजर ठेवायला एवढं पुरेसं आहे. कोर्सियातून लोकांसमोर येतात त्या मोठमोठ्या बेरजाच. तिकीट काढणाऱ्याला हवा असतो आपल्या मार्गाचा, आपल्या विमानाचा आकडा. तो कंपनीच्या नोंदयंत्रात पडून असतो. तिकिटावर भाडं आणि कर छापतात तसा तोही छापला पाहिजे.

मीटरला न कळणारं इंधन

एका ठिकाणी मात्र इंजिनाचा मीटर काहीच सांगू शकत नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेलं शाश्वत विमान इंधन मिसळलं होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांचा तो प्रयत्न. असं इंधन वनस्पतिजन्य मालापासून किंवा टाकाऊ तेलापासून बनतं, आणि इंजिनात जळताना तेही किलोमागे तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. फायदा आहे तो आधी. त्यातला कार्बन वनस्पतीने हवेतूनच घेतलेला असतो, लाखो वर्षं जमिनीखाली पडून राहिलेला नसतो. मात्र शेती, वाहतूक आणि कारखाना यांत किती कार्बन खर्च झाला, हे त्यातून वजा करावं लागतं. कधी फायदा मोठा असतो, कधी फारच थोडा.

हे पंखातल्या नळ्यांना कळत नाही, इंजिनातल्या मीटरलाही नाही. ते फक्त कागदावर कळतं: माल कुठून आला, कोणत्या कारखान्यात गेला, कोणत्या टाकीत मिसळला आणि त्याचा दाखला आणखी कोणाला विकला तर नाही ना. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने २०२७ मध्ये एक टक्का आणि २०२८ मध्ये दोन टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०२७ पासूनच कोर्सियाची भरपाईही लागू होत असल्याने, भारतीय कंपन्यांच्या तपासनीसासमोर आता दोन गठ्ठे असतील. एक पंखाखाली फाडलेल्या इंधनाच्या पावत्यांचा, जो इंजिनाच्या नोंदींशी ताडून बघता येतो, आणि दुसरा या नव्या इंधनाच्या दाखल्यांचा, ज्याची खातरजमा करायला शेतापर्यंत किंवा तळणीच्या तेलाच्या डब्यापर्यंत जावं लागेल.